भुतांच्या न्हाविणीविषयी तक्रार

नोएडा, सेक्टर बासष्ट
२२ नोव्हेंबर २००९

ती. विजयावहिनींना

वैजयंतीचा कंबरेतून वाकून नमस्कार. (गुडघ्यातून वाकणं आता होत नाही, तेव्हा कंबरेवर भागवून घ्या.)

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? की आता डाव्याची पाळी आली? साकेतनं फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही त्याला 'बरा आहे' म्हणालात, त्यावरूनच तो बरा नाही हे मी ओळखलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार हे मला इथून दिसतं आहे. दादा असता तर समोर खुर्ची टाकून बसला असता आणि करून घेतले असते. आता मीच पत्रातून खुर्ची टाकते आहे असं समजा. माझी तब्येत उत्तम. रक्तदाब तेवढा वर असतो. इथले डॉक्टर म्हणतात, "माताजी, टेन्शन मत लीजिए." मी त्यांना म्हटलं, मी घेत नाही, ते घरपोच येतं. इथे सगळंच घरपोच येतं.

आता पत्राचं कारण. मृणाल माझ्याशी बोलत नाही. गेल्या रविवारपासून एक अक्षर नाही. तेरा वर्षांची मुलगी रुसली तर त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल आणि हातातली आमसुलं उन्हात टाकायला जाल. पण थांबा. या घरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. साकेत ऑफिसातून येतो तो कानात ते यंत्र खुपसूनच येतो आणि "हां यार, बिल्कुल, चलो कल देखते हैं" असं हवेशी बोलत आपल्या खोलीत जातो. (पहिले दोन महिने मी दर वेळी "काय रे?" म्हणून उठत होते.) क्षिप्रा गुणी आहे, हे तिला सांगू नका, पण ती बातम्यांच्या वाहिनीत काम करते आणि दिवसभर माणसांना एकमेकांवर ओरडताना ऐकून घरी आल्यावर तिला कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही. राहिली मृणाल. आम्हा दोघींची खोली एकच. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि स्वतः माझ्या पलंगावर आडवी, अशी होऊन ती जी बडबड सुरू करायची ती दूध निवेपर्यंत चालायची. अर्धी हिंदीत, पाव इंग्रजीत, उरलेली मराठीत. मी दर वाक्याला थांबवून दुरुस्त करायची. आता खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि ही शांतता मला मुळीच मानवलेली नाही.

आम्ही राहतो त्या इमारतींचं नाव 'टस्कन ऑर्चर्ड' आहे हे तुम्हाला पाकिटावरून ठाऊकच आहे. यात टस्कनी नाही आणि फळबागही नाही. फाटकाशी कुंडीत एक लिंबाचं झाड आहे आणि त्याच्यावर पहारा ठेवायला गणवेशातला माणूस आहे. पंधरा वर्षांपूर्वी इथे गव्हाची शेतं होती म्हणतात. आता समोर मॉल आहे. मॉलमध्ये पुस्तकांचं एक दुकान आहे, तिथे कॉफीचे मग मिळतात, मेणबत्त्या मिळतात, कापूस भरलेली अस्वलं मिळतात, आणि अगदीच हट्ट धरला तर मागच्या बाजूला पुस्तकंही दाखवतात. माझ्यावर ओढवलेलं सगळं तिथून सुरू झालं. वाढदिवसाला जे काही हातात पडलं ते घेऊन मृणाल तिथे गेली आणि सहा जाड पुस्तकं घेऊन आली. जपानी चित्रकथा. यांना मांगा म्हणतात. मालिकेचं नाव 'भुतांची न्हावीण'. आतलं इंग्रजी भाषांतर कोणी केलं ते मला माहीत नाही, पण तो गृहस्थ माझ्या हाताखाली असता तर त्याला मी टपाल फोडायला बसवलं असतं. (तीस वर्षं मी पिंपरीच्या औषध कंपनीत तीन डायरेक्टरांचं इंग्रजी धुऊन, वाळवून, इस्त्री करून बाहेर पाठवलं आहे. मला माल कळतो.)

पाच भाग तिनं एका आठवड्यात फस्त केले. सहावा मात्र प्लास्टिकच्या आवरणात तसाच ठेवला, सहामाही परीक्षा संपल्यावर वाचायचा म्हणून. रोज हातात घ्यायची, प्लास्टिकवरून बोट फिरवायची, परत ठेवायची. मी म्हटलं, या पोरीला भुतांनी धरलं आहे, आता घरातल्या जबाबदार माणसानं लक्ष घातलं पाहिजे. जबाबदार माणूस म्हणजे मीच, कारण बाकीचे दोघे ऑफिसात होते.

त्यातच गुणवंतरावांचा फोन आला. हे इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनियर आहेत आणि अजूनही धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसं फोनवर बोलतात. म्हणाले, "वैजयंतीबाई, रविवारी 'आपली मुलं काय वाचतात?' यावर बोलायचं. तुमच्यासारखं परखड दुसरं कोण बोलणार?" मला स्तुती आवडत नाही, पण खरं बोलणाऱ्या माणसाला मी अडवतही नाही. होकार दिला. आणि बोलायचं तर पुरावा वाचलेला हवा, म्हणून दुपारी मृणाल शाळेत असताना नखं कापायच्या कात्रीनं सहाव्या भागाचं प्लास्टिक कापलं. (पहिल्या भागापासून का सुरुवात केली नाही, असं साकेतनं नंतर मला विचारलं. गुन्ह्याचा ताजा पुरावा आधी तपासतात, एवढं त्याला कळायला हवं.)

पुस्तक हातात धरलं, चारचौघं धरतात तसंच, पहिलं पान उघडलं, आणि पानभर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं! 'थांबा! तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात!' खाली बारीक टायपात आणखी काहीतरी होतं आणि बाणांची एक आकृती होती, पण बारीक टायप हा विमा कंपन्यांचा प्रांत आहे, मी त्यात जात नाही. मला एकदम पाचगणी आठवली. बोर्डिंगमध्ये दर लेंटला, म्हणजे त्यांच्या उपासाच्या दिवसांत, सिस्टर ऑगस्टा आम्हाला लहान लहान पुस्तिका वाटायच्या. वर हेच: थांब, मुली, तू चुकीच्या मार्गाला लागली आहेस. आत नरकाची चित्रं. मी म्हटलं, वा, जपानातही कोणी सिस्टर ऑगस्टा दिसते आहे, मुलांना भुतांच्या नादी लावण्याआधी निदान सावध तरी करतात. त्या पानाला मी मनातल्या मनात शाबासकी दिली, ते उलटलं आणि त्याच दिशेनं चालू लागले.

आता कथा ऐका, म्हणजे मला समजली तशी. डोंगरातल्या एका गावात पुलाजवळ किनु नावाच्या बाईचं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं भुतांचं. पुलावरून हसतमुख, हलकीफुलकी, नीटनेटक्या केसांची भुतं येतात आणि खुर्चीत बसतात. ही बाई जमिनीवर पडलेले केस गोळा करून त्यांच्या डोक्याला चिकटवते. जसजशी चिकटवते तसतसे त्यांचे चेहरे उतरतात, त्यांना जुनंपुराणं नाही नाही ते आठवू लागतं, ती हमसून रडतात, आणि शेवटी टाचेपर्यंत लोंबणारे केस घेऊन, विव्हळत, दाराबाहेर अंधारात निघून जातात. मी म्हटलं, ही न्हावीण आहे की कोण? सुखानं आलेल्याला रडवून पाठवते! तरी फार आश्चर्य वाटलं नाही, कारण समोरच्या मॉलमधल्या पार्लरात क्षिप्रा असंच हसत जाते आणि येताना आरशात बघत नाही. बोलण्याची तऱ्हाही पाहा. आधी भूत म्हणतं, 'आता बरं वाटतंय.' मग बाई विचारते, 'कुठे दुखतंय?' आधी उत्तर, मागून प्रश्न. यातही मला काही वावगं दिसलं नाही. माझे दुसरे डायरेक्टर असंच डिक्टेशन द्यायचे, आणि साकेत तर लहानपणापासून आधी 'नाही' म्हणतो आणि मग मी काय म्हणाले ते ऐकतो.

आणि भुतं तरी कसली! एक भूत आहे, ते फक्त न्हाणीघरातला मळ चाटतं. भिण्यासारखं त्यात काय आहे ते मला समजलं नाही. आमची कामवाली छठपूजेला गावी गेली ती अजून आलेली नाही, मी त्याला आजपासून ठेवून घेईन. एक नदीकाठी बसून कडधान्य धुतं. दिसत नाही, फक्त धुतल्याचा आवाज येतो. म्हणजे काम करतं आणि तोंड दाखवत नाही; असं भूत सासूला मिळालं तर ती त्याला ओवाळील. एक झोपलेल्या माणसाची उशी पायथ्याशी नेऊन ठेवतं. झालं, एवढंच त्याचं कर्तृत्व. एक छत्री आहे, एक डोळा, एक पाय, उड्या मारत फिरते. जपानात म्हणे घरातली वस्तू शंभर वर्षं टिकली की तिच्यात जीव येतो. नोएडात याचं भय नाही, इथली वस्तू गॅरंटी संपायच्या दिवशीच प्राण सोडते. आणि तो कप्पा नावाचा गडी! पाण्यात राहतो, माणसांना ओढून नेतो, डोक्यावर वाटीसारखा खळगा आणि त्यात पाणी. ते पाणी सांडलं की त्याची शक्ती गेली. तर त्याला जिंकायचं कसं? नमस्कार करायचा. तो इतका शिष्टाचारी की उलट वाकून नमस्कार करतो आणि पाणी सांडतं. हे भूत दिल्लीत आलं तर अमर होईल वहिनी. इथे त्याला वाकून नमस्कार करणार कोण? लिफ्टमध्ये मी तीन वर्षं सगळ्यांना नमस्कार करते आहे, अजून एकाचंही काही सांडलेलं नाही.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये गेले. मृणालला बरोबर घेतलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. गुणवंतरावांनी माझी ओळख करून दिली, तीत त्यांचीच ओळख जास्त झाली. मग मी बोलले. छान बोलले, ही माझी नव्हे, मागून आलेल्या टाळ्यांची साक्ष आहे. ही न्हावीण सुखी आत्म्यांना दुःखी कशी करते, मुलांच्या कोवळ्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, ते एकेका प्रसंगानिशी सांगितलं. भाषणात एखादं जिवंत उदाहरण असलं की ते लोकांना भिडतं, म्हणून मी मृणालला उभं केलं. म्हटलं, ही माझी नात. हिला जपानी भुतांची नावं तोंडपाठ आहेत आणि मराठीचं एक वाक्य धड येत नाही. बायकांनी चुकचुक केली. एकीनं तिला "कोई बात नहीं बेटा" म्हणून गोळी दिली. मग मी शेवटाकडे वळले. शेवट मी नेहमी जोरदार ठेवते. म्हटलं, आणि ही किनु स्वतः कोण? सहाव्या भागाच्या अगदी पहिल्या पानावर कळतं. ती जिवंत नाहीच! ती स्वतःच भूत आहे! शंभर वर्षांपूर्वी त्याच पुलावरून नदीत पडून मेलेली!

हॉलमध्ये मुलांच्या बाजूनं असा आवाज आला की मला वाटलं पंखा पडला. रेवती म्हणून मृणालची मैत्रीण आहे, शेजारच्या टॉवरमधली, धीट कार्टी, ती उठून उभी राहिली.

"आजीजी, वो पहला पेज नहीं है. वो लास्ट पेज है."

मी म्हटलं, "काय?"

"ये राइट से लेफ्ट पढ़ते हैं. आपने पूरी बुक उलटी पढ़ी है. उसी साइड पे लिखा भी होता है, स्टॉप, रॉन्ग वे."

लोक हसले, वहिनी. हसू दिलं. तीन डायरेक्टर पचवलेली बाई आहे मी. म्हटलं, "जे पुस्तक उलट वाचलं तरी गोष्ट लागते, त्याची सुलट लायकी काय असणार?" यावर टाळ्या पडल्या आणि तिथेच मी खाली बसायला हवं होतं. पण टाळ्यांनी माणूस आणखी एक वाक्य बोलतो. मी बोलले. म्हटलं, आपल्या मराठी भुतांपुढे ही जपानी भुतं म्हणजे किंडरगार्टन आहे. लगेच रेवती म्हणाली, "कौन-कौन से, आजीजी? नाम बताइए ना."

मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. हडळ आठवली. मुंजा आठवला, पण तो करतो काय ते आठवेना. पुढे अंधार. आयरिश बाईचं खिडकीखाली रडणारं भूत आठवलं, इंग्लंडातला मुंडकं काखोटीला मारून फिरणारा सरदार आठवला, सिस्टर ऑगस्टांनी शिकवलेली सगळी परदेशी पिशाच्चं शिस्तीत ओळ करून उभी राहिली, आणि आपल्यातलं एक पुढे येईना. गुणवंतराव खालून "वेताळ! वेताळ!" असं कुजबुजले, ते पार्किंगपर्यंत ऐकू गेलं. मी वळून मृणालकडे पाहिलं. तिची खुर्ची रिकामी होती. ती एकटीच घरी चालत गेली होती, आणि तेव्हापासून हे मौन.

शेवट फोडला म्हणून रुसली, हे उघड आहे. परीक्षेनंतर वाचायला म्हणून जपून ठेवलेला भाग मी उघडला आणि भर सभेत जाहीर केला. मान्य. म्हणून मी भरपाई केली. दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये गेले, सहाव्या भागाची नवी कोरी, प्लास्टिकमधली प्रत आणली आणि तिच्या उशीवर ठेवली. संध्याकाळी ती माझ्या उशीवर होती. पुन्हा तिच्या उशीवर ठेवली. पुन्हा माझ्या. चार दिवस आम्ही दोघी ते जपानी उशीचं भूत असल्यासारख्या वागतो आहोत. मग पिझ्झा मागवला, तिच्या आवडीचा, अननसाचा (यावर मी काही बोलत नाही). तिनं खाल्ला, डबा घडी करून ठेवला, बोलली नाही. पाणी हवं असेल तर मला न सांगता स्वतः उठून घेते, तेही पेला न वाजवता. क्षिप्राला मी विचारलं, "ती कशावरून चिडली आहे ते तुला बोलली का?" तर म्हणाली, "आई, तुम्हीच विचारा ना तिला." आता जी माझ्याशी बोलत नाही तिला मी विचारायचं कसं, हे त्या वाहिनीवरच्या तज्ज्ञ मंडळींनी बसून ठरवावं.

शेवटी निव्वळ आरोप पक्का करण्यासाठी मी पहिल्यापासून सहाही भाग वाचले. या वेळी उजवीकडून डावीकडे, आणि बारीक टायपासकट. वहिनी, सुलट वाचल्यावर तर ते आणखी वाईट निघालं. सुलट वाचलं की रडू येतं. त्या भुतांचे केस म्हणजे त्यांनी आयुष्यभर मनात धरून ठेवलेल्या गोष्टी. किनु एकेक बट कापते तशी एकेक गोष्ट सुटते आणि ती हलकी होऊन पूल ओलांडतात. त्या छत्रीला तर केसही नाहीत. ती येऊन नुसती दाराशी उभी राहते, कारण तिच्या मालकिणीनं तिला पावसात विसरून साठ वर्षं झालेली आहेत. किनु तिला आत घेते आणि पुसून कोरडी करते. बस, सहा पानं. एवढ्यासाठी माझ्यासारख्या बाईला भर दुपारी चष्मा काढून पुसायला लावणं हा निव्वळ चावटपणा आहे. छत्रीसाठी रडायला मी काय रिकामी बसले आहे?

असो. पत्र फार लांबलं. चि. धवलला मुंबईची हवा मानवली का ते कळवा. तुमच्या अंगणातल्या आवळ्याला आशीर्वाद, गुडघ्याला ताकीद, आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमची नणंद,
वैजयंती बेहेरे

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मला भुतं हवी आहेत. कोकणातली, अस्सल, जेवढी असतील तेवढी. गिऱ्हा, देवचार, खवीस, चकवा, ही नावं मी गुणवंतरावांकडून मिळवली, पण त्यांच्याकडे नुसती नावं आहेत, माहिती नाही. प्रत्येकाचं राहण्याचं ठिकाण, पोशाख, खाणं, चांगल्या-वाईट सवयी आणि मुख्य म्हणजे केस, सगळं खुलासेवार लिहा. दर दिवाळीत तुम्ही मुलांना पडवीत बसवून हे सांगायचात आणि मी शेजारच्या खोलीत इंग्रजी कादंबरी वाचत असायची. (दार उघडं असायचं ते उकाड्यामुळे.) ज्यांचं नाव घेऊ नये म्हणतात त्यांचंही घ्या, पोस्टानं बाधा होत नाही. मृणाल बोलत नसली तरी मी ती एकेक करून तिच्या कानावर घालीन. किती वेळ गप्प राहते बघू.

आणखी एक ता. क. मालिकेचा सातवा भाग आला आहे म्हणतात, पण इथल्या दुकानात नाही. तिथे नवी अस्वलं आली आहेत. धवलला सांगून मुंबईहून मागवा आणि गुणवंतरावांच्या पत्त्यावर पाठवायला सांगा, माझ्या नाही, कारण जाहीररीत्या मी अजून विरोधात आहे. मला बाकी कशाची उत्सुकता नाही. पण किनुनं सगळ्यांचे केस कापले, आता तिचे कोण कापणार? हा प्रश्न अधांतरी ठेवून पुस्तक संपवणं हा असभ्यपणा आहे, आणि मला त्या लोकांना हे लेखी कळवायचं आहे. त्याआधी उत्तर वाचलेलं बरं.

तिसरा ता. क. सोमवार, दुपार. पाकीट बंद केलेलं नव्हतं ते बरं झालं. वरच्या ता. क. मधलं धवलचं काम तसंच राहू द्या, बाकीचं बदललं आहे.

पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं होतं. मृणाल शाळेतून आली, तिला त्यात आपलं नाव दिसलं आणि ती उभ्या उभ्या वाचायला लागली. बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी समोर मेथी निवडत होते आणि मला काही दिसत नव्हतं असं दाखवत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आजी, 'चुकचुक' म्हणजे वो आवाज ना? जीभ वाला?" मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "मुझे एंडिंग पता थी. रेवतीने कब का बता दिया था, नेट पे सब आ जाता है."

मी म्हटलं, मग गं? मग आठवडाभर हे काय चाललं होतं? तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की तू सगळ्यांच्या समोर मला उभी केली आणि बोलली की मला मराठी नाही येत. ते सबंध वाक्य तिनं मराठीत म्हटलं. त्यात दोन-तीन चुका होत्या. मी त्या ऐकल्या, वहिनी, आणि गिळल्या. सवय नसल्यामुळे ठसका लागला. तिनं पाणी आणून दिलं आणि पलंगावर न जाता टेबलाशीच बसली, मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढून.

तेव्हा भुतं मला पाठवू नका. पाकिटावर 'कु. मृणाल साकेत बेहेरे' असं नाव घाला आणि पत्र तिलाच लिहा. तिला आजवर कोणी मराठीत पत्र लिहिलेलं नाही. सोपं करून मुळीच लिहू नका, तुमची अस्सल चिपळूणची भाषा चालू द्या. तिला अडलं की ती मला विचारायला येईल. दर पानाला निदान चार-पाचदा अडेल, एवढं तेवढं बघा.